बेसबॉलचा सामना अंपायर म्हणून कसा चालवावा : शालेय आणि हौशी सामन्यांसाठी

शालेय आणि हौशी बेसबॉलमध्ये जे वाद होतात, त्यातले थोडेच नियम माहीत नसल्यामुळे होतात. बहुतेक वेळा अंपायर चुकीच्या जागी उभा असतो, नाहीतर चेंडू ग्लोव्हमध्ये पोचायच्या आधीच त्याचा हात वर गेलेला असतो. आपल्याकडे सोलापुरात अंपायरिंगला उभी राहणारी मंडळी क्रिकेटमधून किंवा सॉफ्टबॉलमधून आलेली असतात. शाळेचे क्रीडाशिक्षक, जुने खेळाडू, कधी ऐनवेळी पकडून आणलेला कॉलेजचा मुलगा. त्या खेळांच्या सवयी बेसबॉलमध्ये कुठे नडतात ते लक्षात ठेवून पुढचे टप्पे वाचा. क्रम बदलू नका, कारण पुढच्या टप्प्यातल्या अर्ध्या अडचणी मागच्या टप्प्यातच मिटतात.

टप्पा १ : आदल्या दिवशी विचारून घ्यायच्या गोष्टी

आयोजकांना फोन करा आणि स्पर्धेचे स्थानिक नियम लेखी मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर आले तरी चालतील, पण लेखी हवेत. त्यात पुढच्या गोष्टी आहेत का ते बघा :

- सामना किती इनिंगचा (दोन्ही संघांची एकेकदा बॅटिंग म्हणजे एक इनिंग)? मोठ्यांचा पूर्ण सामना ९ इनिंगचा असतो, मुलांच्या स्पर्धेत ७, ६ किंवा त्याहूनही कमी ठेवतात.
- वेळेची मर्यादा आहे का? असेल तर वेळ संपल्यावर चालू इनिंग पूर्ण करायची का?
- किती धावांच्या फरकानंतर सामना थांबवायचा? आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ५ इनिंगनंतर १५ किंवा ७ इनिंगनंतर १० धावांची आघाडी असेल तर सामना संपतो. तुमच्या स्पर्धेत आकडा वेगळा असू शकतो.
- पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) किती चेंडू टाकता येतील?
- लहान गटात तिसरी स्ट्राइक (बॅटर बाद होतो ती) कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू पकडणाऱ्याच्या, हातून सुटली तर बॅटरला पळता येतं का? रनरला (बेसवर पोचलेल्या खेळाडूला) बेस सोडून पुढे उभं राहता येतं का?
- तुमच्याबरोबर दुसरा अंपायर आहे का?

शेवटचा प्रश्न लाजून टाळू नका. एकट्याने उभं राहायचं असेल तर तयारी वेगळी करावी लागते.

सामान : मास्क, छातीचं गार्ड, पायाचे गार्ड, ऍबडोमेन गार्ड, पुढून कडक असलेले बूट, इंडिकेटर (बॉल-स्ट्राइक मोजायचं हातातलं यंत्र), होम प्लेट (बॅटरजवळची पांढरी पाटी) झाडायचा छोटा ब्रश, चेंडूंची पिशवी, दोन पेन. क्रिकेटचं ऍबडोमेन गार्ड खुशाल वापरा. क्रिकेटचं हेल्मेट मात्र मास्क म्हणून चालवू नका. त्यात गळा उघडा राहतो आणि चेंडू मारला गेल्यावर ते एका हाताने झटकन काढता येत नाही. शिट्टी घरीच ठेवा, इथे आवाज आणि हात यांवरच काम चालतं.

सावधान : पुरेसं संरक्षक सामान नसेल तर कॅचरच्या मागे उभे राहू नका. पिचरच्या मागे, थोडं बाजूला उभं राहून सामना चालवा. स्ट्राइकचा अंदाज थोडा कमी अचूक येईल, पण जबडा शाबूत राहील. आयोजक घाई करतात म्हणून नुसती टोपी घालून प्लेटमागे वाकणारे अंपायर अजून दिसतात. ते धाडस नाही, वेडेपणा आहे.

टप्पा २ : मैदानावर पाऊण तास आधी

*आखणी स्वतः मोजा.* फक्की मारणारा माणूस कबड्डी-खोखोचं मैदान डोळे मिटून आखेल, पण बेसबॉलचा डायमंड (चार बेसचा चौकोन) त्याच्या हातात बसलेला असतोच असं नाही. टेप घ्या आणि या क्रमाने मोजा.

1. होम प्लेटचं मागचं टोक पक्कं करा. दोन्ही फाउल लाइन याच टोकातून निघतात; त्यांच्या आतला भाग फेअर, बाहेरचा फाउल.
2. तिथून सेकंड बेसपर्यंत सरळ ३८.७९ मीटर मोजा आणि खूण करा.
3. होमच्या टोकापासून २७.४३ मीटर आणि सेकंडच्या खुणेपासून २७.४३ मीटर, या दोन मापांचा उजवीकडे मेळ बसतो तो फर्स्ट बेसचा कोपरा, डावीकडे थर्डचा.
4. होमच्या टोकापासून पिचरच्या पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत १८.४४ मीटर.

नेहमीची चूक चौथ्या मापात होते. होम आणि सेकंड यांच्या बरोबर मधोमध पट्टी ठोकली जाते. मध्य येतो साधारण १९.४० मीटरवर, म्हणजे पिचर जवळजवळ एक मीटर मागे जातो. मग पहिल्या दोन इनिंगमध्ये पिचर चेंडू खाली टाकत राहतो आणि त्याचे सर त्याच्यावरच ओरडतात.

दुसरी चूक बेस ठेवताना होते. फर्स्ट आणि थर्डच्या गाद्या रेषेच्या आत, पूर्णपणे फेअर भागात बसवायच्या. सेकंडची गादी मात्र खुणेवर मधोमध ठेवायची. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी लिटल लीगच्या मापाचं छोटं मैदान घेतलं असेल, तर बेसमधलं अंतर १८.२९ मीटर आणि पिचिंगचं अंतर १४.०२ मीटर असतं. मोठ्या मैदानाची आणि छोट्या मैदानाची मापं एकत्र करून तिसरंच काही आखू नका.

रेषांसाठी साधी फक्की वापरा. न विझवलेला चुना नको. तोंडावर पडून बेस गाठणाऱ्या मुलाच्या डोळ्यात गेला तर डोळा भाजतो.

*जमीन पायाखालून घाला.* आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात बुटाला किलोभर चिकटते. बेसच्या आजूबाजूला भेगा असतील तर माती टाकून दाबून घ्या, पोरांचे घोटे तिथेच मुरगळतात. जानेवारीत सोलापूरच्या 'होम मैदान' नावाच्या मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते. यात्रा, सभा, लग्नाचा मांडव असं काही जिथून नुकतंच उठलं असेल, त्या मैदानावर खिळे, तारांचे तुकडे आणि खांबांचे खड्डे शोधायला चार मुलांना रांगेत चालवा.

*सामान तपासा.* अॅल्युमिनियमच्या बॅटला चीर किंवा पोचा असेल, मुठीवरची पकड सुटलेली असेल तर ती बॅट बाजूला ठेवा. हेल्मेट बॅटरला लागतं तसं रनरलाही लागतं. वॉर्मअपमध्ये पिचरसमोर बसलेल्या पोराच्या तोंडावरही मास्क हवा. 'नुसतं टाकून बघतोय सर' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

तपासा : ढगांकडे बघितलंत का? परतीच्या पावसात दुपारनंतर गडगडाट सुरू होतो. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मैदानात कुणाला उतरू द्यायचं नाही, हे दोन्ही संघांना आत्ताच सांगून ठेवा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा सामना सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घ्यायला लावा आणि दर इनिंगला पाण्यासाठी थांबा. कॅचरचं तोंड लाल दिसलं तर त्याच्या सरांना तुम्हीच जाऊन सांगा, मुलगा स्वतःहून सांगणार नाही.

टप्पा ३ : प्लेटजवळची बैठक

दोन्ही प्रशिक्षक आणि दोन्ही अंपायर होम प्लेटजवळ. पाच मिनिटं पुरतात.

आधी खेळाडूंच्या याद्या. बॅटिंगचा क्रम, जर्सीचे क्रमांक, राखीव खेळाडू. दोन्ही प्रतींमध्ये तेच लिहिलंय ना, हे समोरासमोर वाचून घ्या. सॉफ्टबॉलमधून आलेल्या प्रशिक्षकांना एक गोष्ट मुद्दाम सांगा : सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीचा खेळाडू बाहेर गेल्यावर एकदा परत येऊ शकतो, बेसबॉलमध्ये बाहेर गेला तो गेला. स्पर्धेने लहान गटासाठी वेगळी सूट दिली असेल तर तीही इथेच बोला.

मग मैदानाचे नियम. आपल्या मैदानांना कुंपण क्वचितच असतं. आउटफिल्डमध्ये (बेसच्या पलीकडच्या भागात) दुसरा क्रिकेटचा डाव चालू असतो, थर्ड बेसच्या बाजूला मोटरसायकली लावलेल्या असतात, मधेच एखादा लिंब उभा असतो. यातलं प्रत्येक प्रकरण आधी ठरवा. माझी पद्धत अशी : चारी बाजूंना झेंड्या रोवायच्या किंवा फक्कीची रेष ओढायची, आणि रेषेपलीकडे गेला की चेंडू 'डेड', म्हणजे खेळ थांबला. मारलेला फेअर चेंडू टप्पा खाऊन रेषेपलीकडे गेला तर बॅटरला आणि रनरना दोन बेस. झाडाला लागलेला चेंडू काय समजायचा, तेही बोलून घ्या. जे इथे ठरत नाही, ते पाचव्या इनिंगला आरडाओरड्यात ठरतं.

सावधान : इथे नियमांवर भाषण देऊ नका. तुम्ही जितकं जास्त बोलाल तितकं पुढे तुमच्याच शब्दात तुम्हाला पकडतील.

टप्पा ४ : प्लेटमागचं काम

*उभं कुठे राहायचं.* कॅचरच्या बरोबर मागे, मधोमध उभं राहणं ही क्रिकेटच्या पंचाची सवय, स्टंपच्या रेषेत उभं राहायची. इथे त्याने काम बिघडतं, कारण कॅचर जरा वर उठला की तुम्हाला प्लेटच दिसत नाही. कॅचर आणि बॅटर यांच्यामधली फट धरा. बॅटर उजव्या हाताचा असेल तर तुम्ही कॅचरच्या डाव्या खांद्यावरून बघता, डावखुरा असेल तर उजव्या. नाक प्लेटच्या आतल्या कडेच्या रेषेत, हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या वरच्या टोकाला समांतर. प्लेटच्या दोन्ही कडा आणि बॅटरचे गुडघे दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर तुम्ही फार खाली वाकला आहात.

*कधी वाकायचं.* पिचरने हालचाल सुरू केली की वाका, त्याचा पुढचा पाय टेकेपर्यंत स्थिर व्हा. त्यानंतर मान हलवायची नाही, फक्त डोळे हलतात. चेंडूबरोबर डोकं खाली नेणाऱ्या अंपायरला गुडघ्याजवळचा प्रत्येक चेंडू वेगळ्याच उंचीवर दिसतो. जागा धरायची ती दर चेंडूला एकच.

*झोन, म्हणजे स्ट्राइक धरायची जागा.* प्लेटची रुंदी ४३.१८ सेंटिमीटर. वरची मर्यादा म्हणजे खांदे आणि पँटचा वरचा काठ यांचा मध्य, खालची म्हणजे गुडघ्याच्या वाटीखालचा खोलगा. बॅटर फटका मारायच्या तयारीत असताना ही उंची मोजायची, बुटका दिसावा म्हणून तो आधी वाकून उभा राहिला तेव्हा नाही. चेंडूचा कुठलाही भाग या जागेच्या कुठल्याही भागाला शिवून गेला तर स्ट्राइक. चेंडू प्लेटवरून कुठून गेला ते बघा, कॅचरने कुठे पकडला ते नाही. खाली येणारा वळता चेंडू प्लेटवर गुडघ्याच्या वर असतो आणि कॅचरच्या हातात पोचतो तेव्हा घोट्याजवळ. प्रेक्षकांना शेवटचं तेवढंच दिसतं, म्हणून ते हसतात. हसू द्या.

चेंडू जमिनीवर टप्पा खाऊन आला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही, तर तो झोनमधून गेला तरी बॉलच, स्ट्राइक नाही. टप्पा खाऊन बॅटरला लागला तर मात्र त्याला फर्स्ट बेस मिळतो, तिथे टप्प्याची सबब नाही.

*निकालाची लय.* चेंडू ग्लोव्हमध्ये. मनात 'कुठून गेला?' मग आवाज. या तीन गोष्टी वेगवेगळ्या होऊ द्या. बॉल असेल तर वाकलेलेच राहून 'बॉल' म्हणा, हाताची खूण नको. स्ट्राइक असेल तर उभे राहा, उजवा हात आणि आवाज एकदम. ही अर्ध्या सेकंदाची सबुरी अंगवळणी पडली की अर्ध्या तक्रारी बंद होतात. उशिरा आलेला निकाल बावळट वाटेल अशी भीती नवख्यांना असते. बावळट वाटतो तो बदललेला निकाल.

*मोजणी.* इंडिकेटर डाव्या हातात. मोजणी सांगताना बॉल आधी, स्ट्राइक नंतर : 'दोन-एक' म्हणजे दोन बॉल, एक स्ट्राइक. बोटांनी दाखवा आणि मोठ्याने सांगा, कारण एका संघात मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही भाषांत पोरं एकमेकांना ओरडत असतात. तुमचा आकडा त्या गोंधळातून स्कोअररपर्यंत पोचला पाहिजे.

तपासा : प्रत्येक अर्ध्या इनिंगनंतर इंडिकेटर शून्यावर आणलात का? आणि स्कोअररकडे एक नजर टाकलीत का?

टप्पा ५ : बेस अंपायर आणि दोघांची वाटणी

दोन अंपायर असतील तर बेस अंपायरच्या तीन जागा असतात. त्यांना ए, बी, सी म्हणतात.

ए : बेसवर कुणीच नाही. फर्स्ट बेसमनच्या मागे तीन-चार मीटर, फाउल लाइनच्या बाहेर, दोन्ही पाय फाउल भागात.
बी : रनर फक्त फर्स्टवर, किंवा फर्स्ट आणि थर्डवर. डायमंडच्या आत, पिचरच्या मागे, फर्स्टच्या बाजूला.
सी : बाकी सगळ्या वेळी, म्हणजे सेकंडवर कुणी असेल, थर्डवर एकटा असेल किंवा बेस भरलेले असतील. डायमंडच्या आत, थर्डच्या बाजूला.

छोट्या, १८ मीटरच्या मैदानावर आत उभे राहू नका. तिथे इतकी जागाच नसते, चेंडू थेट अंगावर येतो. इनफिल्डरांच्या (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांच्या) मागे, बाहेरच थांबा.

फेअर की फाउल, हा निकाल प्लेट अंपायरचा. फक्त बेस अंपायर ए मध्ये असेल तेव्हा फर्स्टच्या गादीपासून पुढची उजवी रेष तो बघतो. होमवरचे सगळे निकाल प्लेट अंपायरचे. फर्स्टवर रनर आहे आणि चेंडू आउटफिल्डमध्ये पडला, तर तो रनर थर्डकडे निघतो आणि बेस अंपायर मागच्या बॅटरमध्ये अडकतो. अशा वेळी थर्डचा निकाल प्लेट अंपायरने घ्यायचा. मास्क काढून थर्डकडे धावताना 'थर्ड माझा!' असं ओरडायचं. ओरडलं नाही तर दोघेही तिकडेच बघतात आणि सेकंडवर काय झालं ते कुणीच सांगू शकत नाही.

चेंडू मारला गेला की एका जागी गोठू नका आणि लगेच पळतही सुटू नका. क्षणभर थांबा, चेंडू कुठे चाललाय ते वाचा, मग हला.

*एकटेच असाल तर :* प्लेटमागून सुरुवात करा आणि चेंडू मारला गेला की मास्क काढून पिचरच्या दिशेने जितकं पुढे जाता येईल तितकं जा. सगळं दिसणार नाही. हे बैठकीतच सांगून टाका म्हणजे प्रशिक्षक निदान ऐकून असतील.

टप्पा ६ : बेसवर निकाल देताना

फोर्स प्लेला (खेळाडूला पुढच्या बेसवर जाणं भागच असतं, म्हणून चेंडू हातात घेऊन गादीवर पाय ठेवला तरी तो बाद) चेंडू ज्या रेषेत येतोय तिच्याशी काटकोन साधून, साधारण पाच मीटरवर थांबा. टॅग (रनरला चेंडूने शिवून बाद करणं) असेल तर तीन-चार मीटरपर्यंत जवळ जा, कारण ग्लोव्ह आणि पाय यांच्यामधली फट लांबून दिसत नाही. थांबलेले असाल तरच निकाल द्या. धावता धावता दिलेला निकाल बरोबर असला तरी कुणाला पटत नाही.

फर्स्ट बेसवर डोळे गादीवर ठेवायचे आणि कान ग्लोव्हकडे. थ्रो सुटला, तो नीट येतोय एवढं बघितलं की नजर गादीवर. रनरचा पाय दिसतो, चेंडूचा 'थप्प' ऐकू येतो. कुठला आधी? मग ग्लोव्हकडे बघा : चेंडू हातात पक्का आहे का? मग 'आउट'. या क्रमातली शेवटची पायरी गाळली जाते आणि हात वर गेल्यावर चेंडू मातीत लोळताना दिसतो.

'काय ओ सर, आधीच पोचलंय की पोरगं!' हे वाक्य तुम्हाला दर सामन्यात ऐकायला मिळेल. त्याच्या पाठोपाठ येतं, 'डाउट असंल तर बॅट्समनला देतात की.' ते क्रिकेटमध्ये. इथे संशयाचा फायदा नावाचा प्रकार नाही. चेंडू आधी की पाय आधी, एवढाच प्रश्न असतो आणि तुम्हाला उत्तर द्यावंच लागतं.

फेअर-फाउल ठरवताना रेषेवर दोन पाय टाकून उभे राहा. निकाल चेंडू कुठे आहे त्यावर ठरतो, खेळाडूचे पाय कुठे आहेत त्यावर नाही. रेषा, फर्स्ट-थर्डच्या गाद्या आणि होम प्लेट हे सगळं फेअर भागात मोडतं. फाउल असेल तर दोन्ही हात वर करून मोठ्याने 'फाउल'. फेअर असेल तर तोंड बंद, फक्त मैदानाकडे हात. 'फेअर' असं ओरडलात तर निम्मे खेळाडू 'फाउल' ऐकून थांबतात. आणि एकदा 'फाउल' तोंडातून गेलं की खेळ थांबतो, तो परत जोडता येत नाही. म्हणून रेषेजवळच्या चेंडूला जास्तीत जास्त वेळ द्या.

टप्पा ७ : जिथे हमखास घोळ होतो

हा भाग सामन्याच्या आदल्या रात्री पुन्हा वाचा.

*सुटलेली तिसरी स्ट्राइक.* फर्स्ट बेस रिकामा असेल, किंवा दोन आउट झालेले असतील, आणि तिसरी स्ट्राइक कॅचरने हवेतल्या हवेत पकडली नसेल, तर बॅटर पळू शकतो. लक्षात ठेवायचं ते 'हवेतल्या हवेत'. टप्पा पडलेला चेंडू कॅचरने कितीही सफाईने उचलला तरी तो झेल नाही. म्हणून 'स्ट्राइक थ्री' म्हणा आणि तिथेच थांबा, लगेच 'आउट' म्हणू नका. फर्स्टवर रनर असेल आणि आउट दोनपेक्षा कमी असतील, तर उलट 'बॅटर आउट' असं खणखणीत ओरडा. नाहीतर बॅटर उगाच पळतो, कॅचर उगाच फेकतो आणि बाकीचे रनर फुकट पुढे सरकतात.

*इनफिल्ड फ्लाय.* चार अटी एकत्र हव्यात : फर्स्ट आणि सेकंडवर रनर, किंवा बेस भरलेले. आउट दोनपेक्षा कमी. उंच फेअर चेंडू, बंट (बॅट न फिरवता नुसता अडवलेला चेंडू) किंवा सरळ जाणारा लाइन ड्राइव्ह नको. आणि इनफिल्डर तो सहज झेलू शकेल असा. चेंडू वर जाऊन थबकला की हात वर करून 'इनफिल्ड फ्लाय, बॅटर आउट!' रेषेजवळ असेल तर 'फेअर असेल तर' हे शब्द जोडा, कारण फाउल पडला आणि सुटला तर तो नुसता फाउल. चेंडू मात्र चालूच असतो. झेल सुटला तरी बॅटर आउट, आणि रनर स्वतःच्या जोखमीवर पळू शकतात. झेल सुटल्यावर इतर रनरवर फोर्स राहत नाही, त्यांना टॅगच करावा लागतो. अशी स्थिती आली की पिचरने चेंडू टाकायच्या आधीच दोन अंपायरांनी एकमेकांना खूण करायची, टोपीला हात लावला तरी पुरे.

*फोर्स कधी सुटतो.* फर्स्टवर रनर, चेंडू फर्स्ट बेसमनकडे. त्याने आधी गादीवर पाय ठेवून बॅटरला बाद केलं आणि मग सेकंडला फेकला. आता सेकंडवर नुसता पाय ठेवून चालणार नाही, रनरला टॅग करायलाच हवा. मागचा माणूस बाद झाला म्हणजे पुढच्याला बेस सोडायची सक्ती उरली नाही. हा निकाल मोठ्या मुलांच्या सामन्यातही उलटा दिला जातो.

*तिसरा आउट आणि धाव.* तिसरा आउट फोर्सने झाला, किंवा बॅटर फर्स्ट गाठायच्या आधी बाद झाला, तर धाव धरायची नाही, थर्डवरचा रनर कितीही आधी होमला पोचला असू दे. तिसरा आउट टॅगने झाला तर बघायचं : होमला पाय आधी लागला की टॅग आधी झाला? प्लेट अंपायरने होमवर उभं राहून दुसरीकडचा टॅग बघायचा आणि लगेच स्कोअररला सांगायचं, 'धाव धरा' किंवा 'धरू नका'.

यातला किचकट प्रसंग असा. एक आउट, रनर फर्स्ट आणि थर्डवर. आउटफिल्डमध्ये झेल, दोन आउट. थर्डवरचा रनर झेल झाल्यावर निघून होमला पोचला. फर्स्टवरचा मात्र झेलाआधीच सुटला होता, त्याला परत फर्स्टवर चेंडू फेकून बाद केला. सगळे म्हणणार फोर्स आउट, धाव नाही. पण हा फोर्स नाही, हे अपील आहे, म्हणजे रनरची चूक दाखवून मागितलेला आउट. थर्डवरचा रनर त्या आउटच्या आधी होमला पोचला असेल, तर धाव धरायची.

*बाहेर गेलेला थ्रो.* 'ज्या बेसकडे चाललाय तो अधिक एक' हा हिशोब मैदानामैदानावर चालतो आणि तो चुकीचा आहे. मिळतात दोन बेस. प्रश्न एवढाच : मोजायचे कुठून? इनफिल्डरचा पहिलाच थ्रो असेल तर पिचरने चेंडू टाकला त्या क्षणी रनर जिथे होते तिथून. त्यानंतरचा थ्रो किंवा आउटफिल्डरचा थ्रो असेल तर थ्रो सुटला त्या क्षणापासून. समजा फर्स्टवर रनर आहे, शॉर्टस्टॉपने (सेकंड आणि थर्डमधल्या इनफिल्डरने) चेंडू उचलून फर्स्टला फेकला आणि तो मोटरसायकलींमध्ये गेला. बॅटरला सेकंड, रनरला थर्ड. रनर तोवर सेकंड ओलांडून गेला असला तरी थर्डच. याला अपवाद एकच : त्या पहिल्या थ्रोआधी बॅटरसकट सगळे एकेक बेस पुढे गेले असतील तर थ्रोपासून मोजा. पिचरने पट्टीवरून बेसवर फेकलेला चेंडू किंवा वाइल्ड पिच (कॅचरला अडवता न येण्याइतका भरकटलेला चेंडू) रेषेपलीकडे गेला तर एकच बेस.

*हाताला लागलेला चेंडू.* 'हात बॅटचाच भाग' हे कुठल्याही नियमात नाही. बॅट फिरवताना चेंडू बोटांना लागला तर स्ट्राइक, आणि चेंडू डेड. फिरवली नसेल, चेंडू झोनमध्ये नसेल आणि त्याने टाळायचा प्रयत्न केला असेल तर फर्स्ट बेस.

*चुकीचा बॅटर.* यादीतला क्रम चुकवून कुणी आला तर तुम्ही गप्प बसा, स्कोअररलाही गप्प बसायला सांगा. हे बघायचं काम संघांचं. खेळी चालू असताना लक्षात आलं तर योग्य बॅटर त्याच मोजणीवर येतो. खेळी संपली आणि पुढचा चेंडू टाकायच्या आधी क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने अपील केलं, तर ज्याची पाळी होती तो बाद.

सॉफ्टबॉलचे अंपायर आणखी एका ठिकाणी चुकतात. पिचरच्या हातून चेंडू सुटायच्या आधी रनरने बेस सोडला की त्यांचा हात सवयीने वर जातो. बेसबॉलमध्ये तो पुढे उभा राहू शकतो, चोरी करायलाही (चेंडू मारला न जाताच पुढचा बेस गाठायलाही) मोकळा असतो. त्याबदल्यात पिचरवर बंधनं आहेत : बेसवर रनर असताना सेट घेतल्यावर (चेंडू टाकायच्या आधी दोन्ही हात अंगासमोर एकत्र आणल्यावर) पूर्ण थांबायचं, फर्स्टकडे फेकायची हूल देऊन थांबायचं नाही. मोडलं तर त्याला बॉक म्हणतात, प्रत्येक रनरला एक बेस.

टप्पा ८ : प्रशिक्षक अंगावर येतात तेव्हा

'टाइम' म्हणा, खेळ थांबवा. मास्क काढा, पण हात खाली ठेवा. एकाच माणसाशी बोला, 'सर, तुम्ही बोला, बाकीचे मागे.' त्यांना पूर्ण बोलू द्या.

मग स्वतःला विचारा : तक्रार नजरेची आहे की नियमाची? बॉल-स्ट्राइक, आउट-सेफ, फेअर-फाउल या नजरेच्या गोष्टी आहेत, त्यावर वाद होत नाही. 'मी असं बघितलं, सर' एवढं बोलून पुढे जा. नियमाची तक्रार असेल, जसं की किती बेस मिळतात, तर ऐकून घ्या. खात्री नसेल तर सहकाऱ्याला बाजूला घ्या, दहा पावलं दूर, पाठ गर्दीकडे. ज्याने निकाल दिला तोच शेवटी बोलतो, दुसऱ्याने परस्पर त्याचा निकाल फिरवायचा नाही. नियमाचं पुस्तक पिशवीत असेल तर उघडा, त्यात कमीपणा नाही.

बॅट अर्धीच फिरली आणि तुम्ही 'बॉल' म्हणालात, तर कॅचर विचारेल. बेस अंपायरला विचारा, तो जे सांगेल ते मान्य करा. नाक वर करून 'मी बघितलंय' म्हणायची जागा ही नव्हे.

शिवीगाळ किंवा बॅट आपटणं झालं तर आधी एक स्पष्ट इशारा. अंगाला हात लावला तर इशारा नाही, थेट बाहेर. पालक प्रेक्षकांतून ओरडत असतील तर त्यांच्याशी तुम्ही बोलू नका, आयोजकांना बोलवा आणि ते शांत होईपर्यंत खेळ सुरू करू नका. मुलांना ऐकू जाईल असं तुम्ही स्वतः काहीही वेडंवाकडं बोलायचं नाही, कितीही तोंडावर आलं तरी.

टप्पा ९ : सामना संपल्यावर

शेवटचा आउट झाला की प्लेटजवळ रेंगाळू नका. स्कोअररकडे जा, धावसंख्या आणि इनिंग वाचून बघा, मग सही करा. अर्धवट भरलेल्या कागदावर 'नंतर भरतो सर' म्हणून सही मागतात, देऊ नका.

कुणाला बाहेर काढलं असेल, किंवा एखाद्या संघाने नियमावर लेखी हरकत घेतली असेल, तर घरी जायच्या आधी लिहून काढा. इनिंग, आउट किती, रनर कुठे, मोजणी काय, कुणी काय केलं. तुमचं मत नको, जे दिसलं आणि जे ऐकलं तेवढंच. सहकाऱ्याने स्वतःचा कागद वेगळा लिहावा, तुमचा वाचून नाही. दोन्ही कागद त्याच संध्याकाळी आयोजकांच्या हातात द्या आणि पोच म्हणून प्रतीवर सही घ्या.